मायक्रोवेव्हचा वैल

मला एक सांगा, तुमच्याकडं चुलीतला विस्तव वाया घालवलेला चालतो का?

नाही ना? मग माझं कुठं चुकलं ते तुम्हीच ठरवा. आमच्या अणदुरात अजूनही मी दळण घेऊन निघाले की दोन-तीन बाया तोंडाला पदर लावतात. मी शहाणपण करायला गेले, आणि तेही अगदी मनापासून. मनापासून केलेलं शहाणपण लई महागात पडतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी चुलीवर वाढलेली बाई. चूल ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. चुलीला पुढं एक तोंड असतं आणि बाजूला वैल असतो. पुढं तव्यावर भाकरी भाजायची, तीच धग आतून बाजूला जाते, आणि वैलावर ठेवलेली आमटी आपोआप उकळत राहते. वैलाला वेगळं सरपण लागत नाही. भाकरी झाल्या की निखाऱ्यात वांगं घालायचं, वांगं निघालं की वर पाण्याचा हंडा. चूल विझेपर्यंत तिला मोकळं बसू द्यायचं नाही, असं माझी आई म्हणायची. पेटवायला जे लागायचं ते लागतंच, पुढचं सगळं फुकट.

दिवाळीत आम्ही नळदुर्गला बेकरीत नानकटाई भाजायला नेतो, तिथंही तोच न्याय. एकदा भट्टी पेटली की गावभरच्या बायांचे पत्रे एकामागोमाग आत जातात. आपला पत्रा चुकला तर बेकरीवाला परत भट्टी पेटवत बसत नाही.

हे एवढं मनात घट्ट बसलेलं असताना माझ्या घरात मायक्रोवेव्ह आला.

आणला माझ्या सुनेनं, स्नेहलनं. ती नळदुर्गला एका पतसंस्थेत कामाला आहे. मुलगा सोलापूरला असतो, पंधरा दिवसांनी येतो. स्नेहल संध्याकाळी साडेसातला घरी यायची आणि आमचं जेवण सहाच्या आतच झालेलं असायचं. मी तिच्यासाठी गरम करते म्हटलं तर ती म्हणायची, "आत्या, तुम्ही उठू नका, तुमचे गुडघे दुखतात." आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे. असं म्हणून ती गारच जेवायची. मग तिनं पगारातले पैसे बाजूला टाकून टाकून तो मायक्रोवेव्ह घेतला. आमच्या घरात येऊन तिनं स्वतःच्या कमाईतून घेतलेली ती पहिली वस्तू. खोकं उघडताना तिचा चेहरा असा काही फुलला होता की मी वस्तूकडं बघितलंच नाही.

आमच्या ह्यांनी मात्र फक्त वस्तूकडं बघितलं. हे एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. सगळं आयुष्य माणसं मोजण्यात गेलं, त्यामुळं घरात कुठलीही नवी गोष्ट आली की तिची मोजदाद होते.

"किती लाईट खातंय हे?" ह्यांनी विचारलं.

"मामा, दोन मिनिटं लावायचा असतो. काहीच नाही खात."

"काहीच न खाता गरम करतंय? मंग देवच म्हणायचं की." ह्यांनी चष्मा लावून खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं, त्यातलं काही कळलं नाही, तेव्हा निकाल दिला, "ठिवा. पण बिल वाढलं तर हे धूड माळ्यावर जाईल. खोकं टाकू नका."

स्नेहलनं खोकं उचलून कोपऱ्यात ठेवलं. मला वाईट वाटलं. मी त्याच वेळी मनात ठरवलं की काही झालं तरी ह्या पोरीचा मायक्रोवेव्ह माळ्यावर जाऊ द्यायचा नाही. बिल वाढू नये ह्याची जबाबदारी माझी.

इथून पुढं जे झालं त्याला मी एकटी जबाबदार आहे.

दुसऱ्या दिवशी मी कपभर दूध गरम केलं. टिंग वाजलं, दार उघडलं, आत हात घातला तर आत चांगली ऊब. दुधाची वाफच होती ती, पण मला काय माहीत? मला वाटलं, बघा, एवढी धग आत शिल्लक आहे आणि आपण दार उघडून ती घालवायलोय. ह्याला वैल नाही, हीच ह्याची खोट. मग लगेच त्यात वाटीभर वरण ठेवलं. वरण झालं, तरी ऊब होतीच. दमट झालेलं मीठ ठेवलं. मीठ झालं. ह्यांची धुतलेली टोपी दांडीवर अर्धी ओली लटकत होती, ती ठेवली.

हसू नका. टोपी छान वाळली. हे ती घालून देवळाच्या कट्ट्यावर गेले आणि आल्यावर म्हणाले, "आज टोपी डोक्याला शेकायली, काय घातलंस गं निळीत?"

माझा हिशेब साधा होता. मायक्रोवेव्ह पेटायला लाईट लागते. एकदा पेटला की मग नुसती धग. म्हणजे दिवसातून एकदाच पेटवायचा आणि मध्ये विझू द्यायचा नाही. स्नेहल साडेसातला येते. तिच्यासाठी तो परत नव्यानं पेटवायला नको, म्हणून मी सहाला सुरू करायची आणि ती येईपर्यंत जागता ठेवायची. गरम करायला काही नसलं तर कपभर पाणी ठेवायची. पाणी उकळलं की ते बादलीत ओतायचं आणि दुसरं ठेवायचं. त्या बादलीत पाय बुडवून बसलं की गुडघ्यांनाही बरं वाटायचं.

आता मला सांगा, एवढी धग आपल्या घरात रोज तयार आणि शेजारी सुमन लाईटची शेगडी लावते, हे मनाला पटेल का?

सुमन आमची शेजारीण, नात्यानं लांबची जाऊ. मी तिला भिंतीवरून हाक मारली. "सुमन, आमटी गरम करायची असली तर आण. माझी भट्टी लागलीय."

"अक्का, लाईट जळंल की तुमची."

"काही जळत न्हाय. पेटलेलाच हाय तो."

सुमन स्टीलचं पातेलं घेऊन आली. स्टील आत चालत नाही हे स्नेहलनं बजावलेलं होतं. काचेची भांडी कुणाच्या घरात असतात? दोन वाट्या माझ्याकडं, तेवढ्याच. शेवटी सुमननं घरातले सगळे चहाचे कप आणले. पाच माणसांची आमटी आठ कपांत बसली. त्यातला एक कप कान तुटलेला होता, तो चिमट्यानं धरावा लागला.

आठवड्याभरात गल्लीतल्या सात घरांचे कप माझ्याकडं यायला लागले. शांताबाई तर लोणच्याची चिनीमातीची बरणी धुऊन तिच्यात भात भरून आणायची. बरणी उभी मावायची नाही. आडवी ठेवली तर भात सांडायचा. तो रोज सांडायचा आणि ती रोज आणायची. बाया आत बसकर टाकून बसायच्या आणि काचेतून ती ताटली फिरताना बघायच्या. खंडोबाच्या जत्रेतला पाळणा बघावा तसं.

"माझा कप मागं गेला."

"येईल फिरून, दम धर."

"ह्याला मधीच का बसवलंय? मधलं फिरतच न्हाय, नुसतं जागेवर गिरक्या घ्यायलंय."

हे रोज सहा ते साडेसात देवळाच्या कट्ट्यावर असतात. ते आणि स्नेहल बरोबरच दारात यायचे, तोवर बाया पांगलेल्या असायच्या. स्नेहल आपलं ताट दोन मिनिटं लावायची आणि म्हणायची, "आत्या, हा आधीच गरम कसा?"

"मी वापरला जरा," मी म्हणायची. खोटं बोलत नव्हते. चांगलं काम बोलून दाखवू नये, एवढंच मनात होतं.

महिना झाला आणि लाईट बिल आलं.

ह्यांनी ते ओसरीत उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं. "दुप्पट," एवढंच म्हणाले.

स्नेहल आल्यावर ह्यांनी बिल तिच्यापुढं धरलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाई, दोन मिनटं दोन मिनटं म्हणता म्हणता डबल झालं बघ. रविवारी वर ठिवू."

"मामा, मी खरंच दोन मिनिटंच लावते."

"म्या कुठं न्हाय म्हणतोय. त्येची दोन मिनटंच महाग असतील."

त्या रात्री स्नेहलनं ताट घेतलं आणि मायक्रोवेव्हकडं न बघता गार भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी समोर बसलेली. मी एवढी काटकसर केली, एकदाच पेटवला, विझू दिला नाही, तरी दुप्पट? मग मी जपलं नसतं तर किती आलं असतं? चौपट? मी आणखी जपायचं ठरवलं. म्हणजे काय, तर त्या दिवसापासून पाण्याचा कप अर्धा भरायला लागले.

शनिवारी मी ह्यांना म्हटलं, "माळ्यावर टाकायच्या आधी मोजून तरी बघा. तुम्ही मोजल्याबिगर कुणाला गाडीतून खाली उतरवलंय का कधी?"

हे बोलणं ह्यांना लागलं. ह्यांना कुठं बोललं की लागतं, ते मला माहीत आहे.

रविवारी संध्याकाळी साडेपाचला मोजणी सुरू झाली. आमचं मीटर बाहेर ओसरीच्या भिंतीवर आहे. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो. लाईट जास्त जळाली की तो भराभर लुकलुकतो. ह्यांनी त्यापुढं प्लास्टिकची खुर्ची टाकली, टोपी घातली आणि बसले. आतला फ्रिज, पंखा, टीव्ही सगळं बंद केलं. दिवा ठार शांत झाला.

"लाव," ह्यांनी हाक दिली.

स्नेहलनं रोजचं ताट ठेवून दोन मिनिटं लावली. बाहेरून ह्यांचं मोजणं सुरू झालं. एक, दोन, तीन. आवाज वाढत गेला. चाळीसला हे उभे राहिले. शंभरला मला देव आठवले. आत टिंग वाजलं.

"एकशे अठ्ठावीस," हे म्हणाले. "बघ. एकशे अठ्ठावीस लुकलुक. दोन मिनटात. माझ्या गाडीत एवढी माणसं कधी चढली न्हायती."

स्नेहल बाहेर आली. तिनं मीटरवरचं बारीक अक्षर वाचलं. "मामा, इथं लिहिलंय. बत्तीसशे वेळा लुकलुकलं की एक युनिट होतं."

हे थांबले. ओठ हलायला लागले. तिकिटांचा हिशेब करताना हलायचे तसेच. "म्हणजे... पंचवीस जेवणाला एक युनिट?"

"हो."

"म्हणजे महिन्याला एक युनिट आन वर चिल्लर?"

"हो मामा."

हे खाली बसले. स्नेहलकडं बघेनात. मीटरकडंच बघत म्हणाले, "मंग तुझं काही न्हाय त्यात, बाई. म्या उगं बोललो." त्यांच्या तोंडून असं वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले. जिंकले, मला वाटलं. पोरीचा मायक्रोवेव्ह वाचला.

पण कंडक्टरचं डोकं थांबत नाही. गाडीत माणसं जास्त आणि तिकिटं कमी असली की कुणीतरी फुकट्या असतो.

"मंग बाकीचं कोण खायलंय?" ह्यांनी वायर कुठून कुठं जाते ते बघायला सुरुवात केली. वायर सुमनच्या भिंतीवरून जाते. ह्यांची नजर तिथंच थांबली. "रातचा आकडा टाकत असणार कुणीतरी."

"अहो, काय बोलता? सुमन तसली न्हाय."

"सुमन नसंल. तिचा नवरा हाय की. परवा कट्ट्यावर म्हणत होता, आमचं बिल ह्या बारीला कमी आलं म्हणून. लई खूश होता." हे चपला घालायला लागले. "इचारतो त्याला. बरोबर इचारतो."

एका घराचं बिल दुप्पट, शेजारचं कमी, मध्ये एक वायर. अशावरून भावाभावांची तोंडं बंद झालेली मी बघितली आहेत. हे दारातून बाहेर पडणार, तेवढ्यात सुमन स्वतःच आली. सहा वाजले होते. तिच्या हातात परात, परातीत आठ कप.

"अक्का, भट्टी लागली का? आज भाऊजी घरीच?"

तिच्या मागं शांताबाई बरणी घेऊन. तिच्या मागं आणखी चौघीजणी.

ह्यांनी एक चप्पल घातलेली, एक हातात. "ही कसली भट्टी?"

आता इथं मला गप्प बसता आलं असतं. पण सुमनवर चोरीचा आळ यायला लागला होता, आणि खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानही वाटत होता. मी पुढं झाले आणि ह्यांना सगळं समजावून सांगितलं. मायक्रोवेव्ह एकदाच पेटवते. मग सगळ्यांचं त्याच धगीवर होतं. स्नेहल येईपर्यंत विझू देत नाही. कुणी आलं नाही तर कपभर पाणी ठेवते. सुमनचं बिल कमी आलं असेल तर रोज तिचं सगळं गरम पाणी, आमटी, भात माझ्याकडं होतो म्हणून आलं असेल, आकड्यामुळं नाही.

"आकडा? कसला आकडा?" सुमननं विचारलं.

"काही न्हाय, वहिनी," हे घाईनं म्हणाले, आणि हातातली चप्पल पाठीमागं लपवली. मग माझ्याकडं वळले. "पेटवतीस म्हणजे?"

"म्हणजे चालू करते. पहिल्यांदा लाईट लागते, मग नुसती धग."

ह्यांनी चप्पल खाली ठेवली, खुर्चीत बसले, मीटरकडं तोंड केलं आणि म्हणाले, "कर रोजच्यासारखं."

मी केलं. सुमनचे आठ कप दोन खेपांत. शांताबाईची बरणी. बाकीच्यांची आमटी, कढी, कुणाचं वरण. मध्ये अर्धा कप पाणी. हे आधी मोठ्यानं मोजत होते. पाचशेला आवाज बसला. हजाराला बोटांवर मोजायला लागले. पंधराशेच्या पुढं नुसते मीटरकडं बघत बसले आणि म्हणाले, "सीट भरली. उभी बी घेतली. आता टपावर बसायलेत."

स्नेहल माझ्याजवळ आली. ती तोंडावर हात धरून उभी होती. मला वाटलं रडते. "आत्या," ती म्हणाली, "ह्याच्यात निखारा नसतो. फिरतोय तोवर लाईट खातो. थांबला की संपलं. आतली ऊब तुमच्या आमटीचीच असते."

"मग पेटवायला..."

"पेटतच नाही तो."

मी त्या ताटलीकडं बघितलं. अर्धा कप पाणी एकटंच आत गोल फिरत होतं.

"रोज किती वेळ?" ह्यांनी बाहेरून विचारलं.

"सहा ते साडेसात," सगळ्या बायांनी एका सुरात सांगितलं. त्यांना वाटलं, त्या माझी बाजू घेत आहेत.

ह्यांचे ओठ पुन्हा हलायला लागले. ह्या वेळी बराच वेळ हलले. "महिन्याला पन्नासच्या वर युनिट," ते म्हणाले. "आन ते गुडघ्याचं पाणी?"

"ते त्यातलंच."

मग स्नेहलला हसू आवरेना. हसता हसता ती उंबऱ्यावर बसली, मग सुमन बसली, शांताबाईनं बरणी खाली ठेवली. ह्यांनी थोडा वेळ तोंड गंभीर ठेवलं, पण त्यांचीही टोपी हलायला लागली. आठ दिवसांनी माझी सून घरात हसली होती, म्हणून मीही हसले. कशाला हसते आहे ते मला नीट कळलं नव्हतं. ते रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं, आणि मग झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी मायक्रोवेव्ह स्वतः उचलून स्नेहलच्या खोलीत नेऊन ठेवला, खोलीला कुलूप लावलं, किल्ली माझ्या देखत तिच्या हातात दिली, आणि ती किल्ली घेऊन नळदुर्गला गेली.